दादाच्या पडद्याखालची जाळी

"खिडकी गेली हो भाऊजी," वहिनी फोनवर म्हणाल्या. "पडद्यावरची. अक्षरांची. आधी एक चौकट आली, इंग्रजीत कायकाय लिहिलेली. खाली एकच बटण होतं म्हणून मी ते दाबलं, तर सगळंच गेलं. आता नुसता निळा पडदा आहे आणि हे माझ्याकडे बघत बसलेत."

धाकट्याने कचेरीतल्या खुर्चीत बसल्या बसल्या डोळे मिटले आणि त्यांना एकेक पायरी सांगायला सुरुवात केली. डाव्या कोपऱ्यातलं छोटं चित्र, त्यावर बाण न्यायचा, लागोपाठ दोनदा दाबायचं. पण वहिनींचं दोनदा दाबणं म्हणजे एकदा दार वाजवून घरच्यांना आवरायला वेळ देणं आणि मग पुन्हा वाजवणं. चित्र जागचं हललं, उघडलं मात्र नाही. मग ते कुठेतरी सरकून दिसेनासंच झालं. शेवटी वहिनी म्हणाल्या की राहू दे, संध्याकाळी तुम्हीच बघा. त्या दिवशी दादा सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मुका पडून राहिला.

धाकटा हे त्याचं घरातलं नाव. पन्नाशी उलटली, केस पिकले, तरी दादाच्या घरात तो धाकटाच होता. आईवडील लवकर गेले तेव्हा दादाने शाळा सोडून यंत्रमागांच्या कारखान्यात फिटर म्हणून काम धरलं आणि याला शिकवलं. दादा-वहिनींना मूल झालं नाही, धाकट्याचं लग्न राहून गेलं. घरात तिघंच, आणि तिघांचं बरं चाललं होतं.

मागांच्या खडखडाटात दादाचे कान तरुणपणीच गेले. तिथे सगळेच ओठांवरून बोलणं वाचत. त्यात दादाचा हात धरणारा कोणी नव्हता. शेडच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाला कोण कोणाला शिव्या घालतंय ते तो सांगत असे. पुढे त्याच्या हातातून पाना गळायला लागला. मग चालताना पाय अडखळायला लागले, मग जीभ जड झाली. स्नायू चालवणाऱ्या नसाच एकामागून एक विझत जातात आणि याला औषध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. डोकं तेवढं शेवटपर्यंत लख्ख राहतं म्हणाले. हे त्यांनी दिलासा म्हणून सांगितलं होतं.

बोलणं गेलं तेव्हा दादाचा उजवा अंगठा तेवढा हलत होता. धाकटा एका छोट्या कंपनीत रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळांसाठी संगणकाचे प्रोग्राम लिहायचा. जन्मभर तेच केलं होतं. त्याने दादासाठी एक खिडकी बनवली. पडद्यावर अक्षरांच्या ओळी, त्यांवरून वरून खाली सरकणारा एक उजेडाचा पट्टा. हव्या त्या ओळीवर पट्टा आला की दादाने अंगठ्याखालचं रबरी बटण दाबायचं. मग पट्टा त्या ओळीतल्या अक्षरांवरून सरकायचा. पुन्हा दाबलं की अक्षर उमटायचं. वाक्य झालं की शेवटचा चौकोन, "बोल". मग पेटीतून आवाज यायचा. बाईचाच आवाज मिळाला होता, तोही सर्दी झाल्यासारखा. पहिल्याच दिवशी त्या आवाजात दादा म्हणाला, "पंखा कमी करा." वहिनी म्हणाल्या, "म्हातारपणी सवत आणलीत घरात, आणि तीही हुकूम सोडणारी." दादाच्या डोळ्यांत हसू आलं. चेहऱ्यावर यायचं ते थांबलं होतं.

पेटीचा तो आवाज दादाला स्वतःला ऐकू येत नसे. समोरच्यांचे ओठ दिसावेत म्हणून घरच्यांच्या खुर्च्या पलंगाच्या पायथ्याशी, पडद्याच्या मागच्या बाजूला ठेवलेल्या होत्या. दादाला माणसं दिसायची आणि पडदा दिसायचा; माणसांना दादा दिसायचा आणि आवाज ऐकू यायचा. व्यवस्था चोख होती. धाकट्याला तिचा अभिमानही होता.

एकाच गोष्टीवरून वहिनी कुरकुरायच्या. सगळं बोलणं सपाट वाटतं, "जेवलात का" विचारलं तरी दटावल्यासारखं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून एका रविवारी धाकट्याने अक्षरांच्या शेवटी प्रश्नचिन्हाचा चौकोन घातला. चिन्ह असलं की आवाज शेवटी वर चढायचा. दादा कामाचा माणूस, हत्यार दिलं की ते जागच्या जागी वापरणारा. त्याने त्या दिवसापासून एकही प्रश्न चिन्हाशिवाय सोडला नाही. त्याच बैठकीत धाकट्याने आणखी एक सोय केली. यंत्राला वाक्याचा आवाज तयार करायला फार वेळ लागत होता, म्हणून तयार झालेला आवाज त्या वाक्याच्याच नावाने साठवून ठेवायचा, म्हणजे पुढच्या वेळी लगेच मिळेल. दोन-तीन वाक्यं करून बघितली. "पाणी द्या." "कूस बदला." झकास चाललं.

आणि सोमवारी खिडकी गेली.

संध्याकाळी त्याने ती पुन्हा उघडून दिली तेव्हा दादाने एकच वाक्य लिहिलं. "दिवसभर मेलो होतो." ते त्या बाईच्या आवाजात ऐकू आलं. नेमकं काय चुकलं ते शोधायला हवं होतं, हे तो जाणत होता. पण त्याआधीही ती खिडकी कधी पेटीची वायर निघाली म्हणून, कधी आणखी कशाने तरी पडली होती. दर वेळी कारण शोधत बसायचं आणि तोवर दादाने मुकं राहायचं?

यावरचा उपाय तो कचेरीत पूर्वी करून चुकला होता. गिऱ्हाइकासमोर चूक झाल्याची चौकट आली की फोन येतो आणि मालकांना फोन नको असत. "झालं काय ते त्याला कशाला कळायला पाहिजे? खिडकी उभी राहिली पाहिजे," असं मालकांचं म्हणणं. म्हणून धाकट्याने सगळ्या प्रोग्रामखाली एक जाळी बांधली होती. प्रोग्राममध्ये कुठेही, कसलीही चूक झाली आणि ती कोणीच झेलली नाही, की ती त्या जाळीत पडायची. खिडकी जागची हलायची नाही. कचेरीत निदान अशा चुकांची नोंद तरी राहायची. घरी ती वाचणार कोण, म्हणून त्याने नोंदही काढून टाकली. चूक आली की झेलायची, सोडून द्यायची आणि पट्टा पुन्हा पहिल्या ओळीवर आणायचा. तेवढं करून तो जेवायला बसला.

त्यानंतर खिडकी एकदाही पडली नाही. वहिनींनी शेजारणीला सांगितलं की भाऊजींनी अगदी कायमचा बंदोबस्त केला.

दादा मात्र बदलला. त्याचं बोलणं आटत चाललं. पाणी द्या. कूस बदला. उशी वर. कधी संध्याकाळी अंगठा बराच वेळ चाललेला दिसायचा आणि मग काहीच आवाज यायचा नाही. वहिनी म्हणायच्या, "लिहितात आणि पुसून टाकतात. कंटाळा येत असेल." धाकटा कचेरीतून आला की पूर्वी दादा दिवस कसा गेला ते विचारायचा, आता नुसता बघत राहायचा. एकदा पेटीतून आलं, "सांगायचं नसेल तर राहू द्या." धाकट्याला वाटलं, नव्या तपासणीबद्दल असेल. त्याने ओठ स्पष्ट हलवत सांगितलं की सांगण्यासारखं काही नाही, सगळं आहे तसंच आहे. दादाने डोळे मिटून घेतले.

डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, या आजारात माणूस स्वतःत मिटत जातो. वहिनींना ते पटलं, पण मनातून त्या दुखावल्या होत्याच. सगळा दिवस त्या माणसाचं करण्यात जात होता आणि तो साधं "तू जेवलीस का" विचारत नव्हता. हे त्या धाकट्याला एकदाच बोलल्या, तेही भांडी घासता घासता, पाठ करून.

मग श्वास कमी पडू लागला. डॉक्टर घरी आले आणि दादाच्या समोर बसून सावकाश बोलले. पुढेमागे गळ्याला छेद देऊन नळी घालावी लागेल, श्वास यंत्र देईल. घरी राहता येईल, पण नळी साफ करायला अष्टौप्रहर कोणीतरी जागं हवं. तसं नको असेल तर तसंही सांगा, मग त्रास होऊ नये एवढं आम्ही बघू. घाई नाही म्हणाले.

त्या संध्याकाळी दोघंही दादाच्या समोर बसले होते. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. दादाचा अंगठा कितीतरी वेळ चालला. थांबला. दोघांनी पेटीकडे बघितलं. काही आलं नाही. दादा वहिनींकडे बघत होता. मग धाकट्याकडे. मग पुन्हा वहिनींकडे. त्याला बोलवेना आणि मनात काही दाटून आलंय, असं धाकट्याला वाटलं. अशा वेळी तोंड कसं ठेवावं ते न कळून तो खाली आपल्या हातांकडे बघत राहिला. वहिनींनी एक चादर घडी घातली, उलगडली आणि पुन्हा घातली.

थोड्या वेळाने पेटी बोलली. "नळी नको."

वहिनी उठून आत गेल्या. धाकट्याने दादाच्या पायावर हात ठेवला आणि मान हलवली. केवढं धैर्य, असं त्याच्या मनात आलं. डॉक्टरांना तसं कळवलं.

पुढच्या आठवड्यात दिवसाची एक सिस्टर ठेवली. आडव्या बांध्याची, बोलकी बाई. कुठे बसायचं ते तिला कोणी सांगितलं नाही. तिने खुर्ची ओढली ती थेट दादाच्या खांद्याशी, आणि ती पडद्यावर उमटणारी अक्षरं वाचायची, मग त्याच्याकडे तोंड करून बोलायची. स्वयंपाकघरात वहिनींना तिचं एकटीचंच बोलणं ऐकू यायचं. "नाही हो, लांब राहते, दोन बस बदलते." "मोठी शिवण शिकते, धाकटी शाळेत." दोन दिवसांत दादाच्या डोळ्यांत तकाकी आली. वहिनी धाकट्याला म्हणाल्या, "आपल्याशी पाणी आणि कूस. तिच्याशी गप्पा. काय केलं आपण यांचं?" धाकट्यालाही ते लागलं होतं.

सुट्टीच्या दिवशी तो पायथ्याच्या खुर्चीवर बसला होता. सिस्टर नखं कापत होती. ती मधेच मान वर करून त्याला म्हणाली, "अहो, सांगा ना त्यांना."

"काय सांगू?"

"विचारतायत ते. आज कामावर गेला नाहीस का म्हणून."

धाकट्याने पेटीकडे बघितलं. "मशीन तर काही बोललं नाही."

"प्रश्न विचारला की ते कुठे बोलतं?" सिस्टर सहज म्हणाली आणि दुसरं बोट हातात घेतलं. "मला वाटलं, तसंच करून घेतलंय तुम्ही."

धाकटा उठून पलंगाला वळसा घालून दादाच्या खांद्याशी आला. दादाला त्याने पुन्हा लिहायला सांगितलं. अंगठा चालला. 'आज सुट्टी?' अक्षरं उमटली, शेवटी चिन्ह उमटलं. पट्टा "बोल"वर आला, अंगठा दाबला गेला. ओळ पुसली गेली आणि पट्टा पहिल्या ओळीवर जाऊन सरकायला लागला. खोलीत आवाज झाला नाही.

प्रोग्राम उघडून बघायचीही गरज नव्हती. आवाज वाक्याच्या नावाने साठवायचा, आणि संगणकात साठवायच्या फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही. हे नवशिक्यालाही ठाऊक असतं. त्याला उमेदवारीपासून ठाऊक होतं. दादाचा प्रत्येक प्रश्न तिथे अडकत होता. जाळी नसती तर दर प्रश्नाला खिडकी पडली असती, वहिनींनी दर वेळी फोन केला असता आणि त्याच आठवड्यात तो कारणापर्यंत पोचला असता. ओळ आधी पुसायची आणि मग बोलायचं, हा क्रमही त्यानेच लिहिलेला. दादाला पडद्यावर दिसत होतं की आपण बोललो. समोर दोन माणसं दिसत होती, ऐकून न ऐकल्यासारखी.

दुरुस्ती दोन ओळींची होती. मग त्याने जाळी काढली. वाक्य बाहेर पडल्याशिवाय ओळ पुसायची नाही, आणि काही अडलं तर पडदाभर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून यायचं: "हे कोणाला ऐकू गेलेलं नाही." हे सगळं होईपर्यंत वहिनी येऊन दारात उभ्या होत्या. सिस्टर उगाचच औषधांच्या बाटल्या आवरत होती. धाकटा पायथ्याशी जाऊन दादाच्या समोर बसला आणि काय झालं होतं ते त्याने ओठ सावकाश हलवत, काही न लपवता सांगितलं.

दादाचा चेहरा हलू शकत नव्हता. तो नुसता बघत राहिला. मग अंगठा चालला.

"कधीपासून?" पेटीतला आवाज वर चढला. वहिनी दचकल्या.

"ती खिडकी गेली होती ना, त्या दिवसापासून," धाकटा म्हणाला. "काय काय विचारलं होतंस, दादा?"

"खूप." मग, "आठवत नाही."

पट्टा दोन-तीनदा सगळ्या ओळींवरून फिरून आला, दादाने बटण दाबलं नाही. मग दाबायला लागला तो बराच वेळ दाबत राहिला.

"नळी घातली तर तुम्हा दोघांना जमेल का?"

वहिनी दाराला धरून खाली बसल्या. "जमेल," त्या म्हणाल्या, पण तोंडावर पदर होता आणि दादाला ओठ दिसले नाहीत. तो तसाच बघत होता. धाकट्याच्या ते लक्षात आलं. त्याने वहिनींना खूण केली. त्यांनी पदर काढला, चेहरा पुसला आणि दादाकडे तोंड करून पुन्हा म्हणाल्या, "जमेल मला. जमलं असतं."

दादाने लिहिलं, "त्या दिवशी तोंडं बघितली तुमची. वाटलं, कळलं."

धाकटा बोलत सुटला. अजून वेळ गेलेली नाही, डॉक्टरांना आजच बोलावतो, रात्रीची पाळी मी करीन, नोकरी गेली तर गेली. दादा त्याचे ओठ वाचत होता आणि बोलणं संपेपर्यंत थांबला.

"मन बांधलंय," पेटी म्हणाली. "आता सोडवू नका."

तरी डॉक्टर आले. त्यांनी सगळं पहिल्यापासून विचारलं, दादानेही या वेळी त्यांना पाच-सहा प्रश्न विचारले आणि सगळ्यांची उत्तरं घेतली. शेवटी तेच सांगितलं, नळी नको. बाहेर पडताना डॉक्टर धाकट्याला म्हणाले की आता शंका ठेवू नका, हा त्यांचाच निर्णय आहे. धाकट्याने मान हलवली. पहिला नकार कोणाचा होता, ते डॉक्टरांनी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

कचेरीत जाऊन त्याने प्रयोगशाळांच्या प्रोग्रामखालची जाळीही काढली. चौकटी दिसायला लागल्या, फोन यायला लागले. मालकांनी बोलावून घेतलं, तेव्हा त्याने सांगितलं की त्या चुका आधीही होत होत्या, फक्त आपल्याला ऐकू येत नव्हत्या. मालक म्हणाले, "घरची परिस्थिती मला कळते." ते काम त्यांनी दुसऱ्याकडे दिलं आणि महिनाअखेर जाळी पुन्हा जागेवर होती. धाकट्याने भांडण केलं नाही. त्याला घरी लवकर पोचायचं असायचं.

घरी दादा विचारत असे. उठल्यापासून विचारत असे, साठून राहिल्यासारखा. वरच्या नळाला पाणी येतं का? कारखान्यातला तो ठेंगू फिटर जिवंत आहे का? तू जेवलीस का? हा प्रश्न तो वहिनींना दिवसातून तीन-चारदा विचारायचा आणि त्या दर वेळी समोर येऊन, चेहरा उजेडात धरून उत्तर द्यायच्या. एके दुपारी त्याने धाकट्याला विचारलं, "लग्न का केलं नाहीस?" वहिनी बाहेर गेल्या होत्या. धाकट्याने खुर्ची पुढे ओढली आणि जे आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं, नुसते ओठ हलवून, आवाज न काढता. दादाने सगळं वाचलं. मग लिहिलं, "बरं."

एका सकाळी तो गेला. सिस्टर यायची होती. वहिनी तोंड पुसायला ओला रुमाल घेऊन गेल्या आणि त्यांनी धाकट्याला हाक मारली, फार मोठ्याने नाही. डॉक्टर येऊन गेले, शेजारी आले, त्याला नेलं, लोक पांगले. हे सगळं होईपर्यंत त्या खोलीत खिडकी चालूच होती. कसली चूक नाही, चौकट नाही. पट्टा एकेका ओळीवर थांबून पुढच्या ओळीवर जात होता, शेवटी पोचून पुन्हा वर येत होता.

संध्याकाळी वहिनी म्हणाल्या, "ते बंद करायला हवं ना?"

धाकट्याला उठवेना. त्याने कोपऱ्यातली फुली दाखवली. वहिनींनी पलंगाच्या त्या बाजूला जाऊन, वाकून, बाण हळूहळू तिथे नेला आणि एकदाच दाबलं. पडद्यावर एक छोटी चौकट आली. चुकून कोणी बंद करू नये म्हणून त्याने ती घातली होती.

"बंद करायचं का, विचारतंय," वहिनी म्हणाल्या.

वहिनींनी थोडी वाट पाहिली. मग पडद्याकडे तोंड करून त्या "हो" म्हणाल्या, आणि त्यांनी ते बटण दाबलं.